वारीत आपलं माणूस हरवलं तर

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात संध्याकाळच्या हरिपाठानंतर केलेलं भाषण)



मला दिंडीच्या इतिहासावर बोला असं सांगितलं होतं. इतिहास सांगणारी माझ्यापेक्षा जाणती मंडळी इथं बसलीत. मी चौथी शिकलेला माणूस. नांगर धरला, टाळ धरला, पुढं देवाच्या दयेनं दोन शब्द कीर्तनात बोलायला लागलो. म्हणून आज अध्यक्षांची परवानगी घेऊन वेगळंच बोलणार आहे. आपल्या दिंडीच्या वहीत १०० वर्षांच्या सगळ्या नोंदी आहेत. कोणत्या साली कोण विणेकरी, कोणत्या गावी कुणाचा पिठलं-भाकरीचा पंगत-मान, सगळं आहे. एक नोंद मात्र नाही. २०१४ सालच्या आषाढीला आपला एक विणेकरी वाटेत हरवला होता. तो माझा थोरला भाऊ होता. ही नोंद वहीत मीच होऊ दिली नाही. लाज वाटली. आज ती तोंडानं करतो.

अण्णा तेव्हा ६८ वर्षांचे. पंचवीसएक वर्षं त्यांनी दिंडीत वीणा वाहिली. वीणा खाली ठेवायची नसते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या दोन वर्षं आधीपासून अण्णा वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं विसरायला लागले. पाळी संपली तरी उभेच. आम्ही म्हणायचो, काय भक्ती आहे! घरी वेगळाच प्रकार चालला होता. जेवून उठले की अर्ध्या तासानं विचारायचे, "आज जेवण नाही का?" जन्म गेला त्या मळ्यातून घरी येताना बांधावर उभे राहायचे, डावीकडं का उजवीकडं कळायचं नाही. दूध घालायला गेले तर किटली डेअरीवर आणि अण्णा भलतीकडंच. आम्ही म्हणालो, म्हातारपण आलं.

म्हातारपण वेगळं आणि हे वेगळं, मंडळी. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं म्हातारपण. चष्मा कशासाठी असतो तेच विसरणं, हा आजार. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात. मेंदू झिजतो. त्यातला जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर. २०२३ साली आपल्या देशातला एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात साठीच्या पुढच्या १०० माणसांत सातएक जणांना हा आजार निघाला, सगळ्या देशात मिळून ८८ लाख माणसं. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. आता आपली दिंडी डोळ्यांसमोर आणा. निम्मी मंडळी साठीच्या पुढची, बायका निम्म्याहून जास्त, सगळी खेड्यातली. म्हणजे हा विषय माझ्या एकट्याच्या घरचा नाही.

आधी दवाखान्यात न्या. विसरणारा प्रत्येक माणूस या आजाराचाच असतो असं नाही. थायरॉईडनं विसरतं, बी बाराची कमी असली तर विसरतं, डोक्याला मार लागून आत रक्त साकळलं तरी विसरतं, मनाच्या उदासीनं विसरतं, काही गोळ्यांनीसुद्धा विसरतं. यातलं बरंच औषधानं सुधारतं. आम्ही अण्णांना दवाखान्यात नेलं ते हरवून सापडल्यावर.

आता ती रात्र सांगतो.

वारीच्या आधी वहिनी मला म्हणाल्या होत्या, "भावजी, यंदा यांना न्यायला नको. न्यायचंच असलं तर मी संगं येते, रात्रीचं उठून चालायला लागतात हे." मी काय म्हणालो? "वहिनी, आपण काय करणार? पांडुरंग बघून घेईल." कीर्तनकार ना मी! असली वाक्यं तोंडात तयारच असतात.

करमाळ्याच्या अलीकडं एका वस्तीवर मुक्काम होता. रात्री कीर्तन माझंच. विषय नामस्मरणाचा. दोन तास स्मरण म्हणजे काय ते लोकांना सांगितलं आणि येऊन ट्रकजवळ अण्णांच्या शेजारी पडलो. दिवसभर चालून आलेलं अंग, मेल्यासारखी झोप लागली. काकड्याला उठलो तर घोंगडी होती, अण्णा नव्हते. चपलाही तिथंच.

वाटलं, बाहेरच्या बाजूला गेले असतील. अर्धा तास वाट बघितली. मग दहा-वीस जण दहा दिशांना पळालो. कोण कुठं गेलं कुणाला पत्ता नाही. मुक्कामाच्या जागी एक माणूस ठेवला नाही. अण्णा परत तिथंच आले असते तरी कुणाला दिसले नसते. पोलीस ठाण्यात गेलो, तर तिथं होते ते म्हणाले, वारीतला माणूस आहे, येईल पुढच्या मुक्कामाला, दिवसभर वाट बघा. मला वाटलं कायदाच तसा असेल. मग त्यांनी विचारलं, "अंगावर काय होतं?" मी सांगितलं, पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपी, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. ते माझ्याकडं बघतच राहिले. त्या रस्त्यानं त्या दिवशी जाणाऱ्या हजारो माणसांच्या अंगावर तेच होतं! फोटो विचारला. फोटो होता तो पुतण्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला, दाढी केलेला. नाव आधार कार्डावरचं सांगितलं. त्या नावानं अण्णांना ४० वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. त्या नावानं कुणी पुकारा केला असता तरी त्यांनी मान वळवली नसती.

मंडळी, वारीत एक गोष्ट अशी आहे की जी आपला अभिमान आहे आणि तीच अशा माणसाचा घात करते. वारीत कुणी कुणाला परका मानत नाही. जो दिसेल तो माऊली. चहा घ्या माऊली, पाणी घ्या माऊली, बसा जेवायला. त्यामुळं हरवलेला माणूस हरवल्यासारखा दिसतच नाही. गावात परका म्हातारा अनवाणी फिरला तर चार माणसं विचारतात, बाबा कुठले? वारीत विचारत नाहीत. अण्णांना त्या दिवशी तीन ठिकाणी चहा मिळाला, एका पंगतीत जेवायला मिळालं. कुणी विचारलं तर ते सांगायचे, "दिंडी पुढं गेली रं, गाठायची हाय." एका टेम्पोवाल्याला दया आली. त्यानं बसवून घेतलं आणि टेंभुर्णीजवळ नेऊन सोडलं. म्हणजे आम्ही करमाळ्याच्या अलीकडं ऊस आणि विहिरी शोधतोय आणि अण्णा दोन मुक्काम पुढं. त्या टेम्पोवाल्याचा काही दोष नाही. त्यानं पुण्यच केलं. पण न विचारता केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. टेंभुर्णीच्या पुढं एका वस्तीवरची माऊली गवत घेऊन येत होती. तिला दिसलं की सगळी माणसं पंढरीकडं चाललीत आणि हा एकटा म्हातारा अनवाणी उलटा चाललाय. तिनं अडवलं नाही. त्यांच्याबरोबर थोडं चालली, मग म्हणाली, "बाबा, ऊन लई हाय, घटकाभर टेका." घरी आणलं. नाव सांगता येईना. गाव म्हणून आमच्या आजोळचं नाव सांगायचे, ते आता कुणाला माहीत नाही. संध्याकाळी त्या घरी हरिपाठ लागला. अण्णांनी हात जोडले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. एक शब्द चुकला नाही. पोरं बघतच राहिली. स्वतःचं नाव गेलेला माणूस हरिपाठ म्हणत होता. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की लहानपणापासून सुरात घोटलेलं असतं ते बरेचदा फार उशिरापर्यंत टिकतं.

पण हरिपाठावरून पत्ता लागत नाही. पत्ता लागला चंचीमुळं. सकाळी त्या माऊलीच्या पोरानं अण्णांची चंची उघडली. चुन्याच्या डबीखाली घडी करून साखर कारखान्याची ऊस वजनाची चिठ्ठी होती, फेब्रुवारीत टाकलेली. त्यावर नाव, गाव, गट. त्यानं कुठून कुठून फोन लावत आमच्या गावात फोन लावला. त्या चिठ्ठीनं माझा भाऊ परत आला. आमच्या कसल्याही तयारीनं नाही. चंचीत टाकायची राहून गेलेल्या कागदानं.

मी त्या दिवसापासून "पांडुरंग बघून घेईल" हे वाक्य जपून वापरतो. जनाबाईला देव दळू लागला ही गोष्ट मी शंभरदा सांगितली. पण जातं जनाबाईनं मांडलं होतं, दाणे जनाबाईनं निवडून घेतले होते. मी जातंच मांडलं नव्हतं आणि देवानं यावं म्हणत होतो.

आता तयारी काय करायची ते सांगतो. नीट ऐका आणि घरी जाऊन करा.

पहिलं, लपवू नका. घरात असं माणूस असेल तर आळीला सांगा, भावकीला सांगा, पिठाच्या गिरणीवर, किराणा दुकानात, एस.टी.च्या थांब्यावर, रिक्षावाल्याला सांगा. "आमची आई एकटी दिसली तर बोलत बसवा आणि फोन करा." एवढंच. यात अब्रू जात नाही. आम्ही अब्रू सांभाळली आणि माणूस घालवत होतो.

दुसरं, एका कागदावर माहिती लिहून ठेवा. आधारवरचं नाव आणि हाक मारायचं नाव, दोन्ही. वय, उंची, अंगावरचं गोंदण, ऑपरेशनची खूण, ऐकू येतं का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, साखरेचा आजार आहे का. पूर्वी कुठं कुठं राहत होतं, माहेर कुठलं, जुनी शेती कुठं, कुठल्या देवळात बसायची सवय. कारण असं माणूस बरेचदा जुन्या ठिकाणाच्या ओढीनं निघतं. आपल्याला वाटतं उगीच भटकतंय. त्याच्या मनात मात्र काम असतं. गुरं सोडायची असतात, शाळेतून पोरं आणायची असतात. हा कागद एक घरी, एक दिंडीच्या ट्रकमध्ये.

तिसरं, फोटो. वारीत रोज सकाळी निघताना मोबाईलवर एक फोटो काढा. चेहऱ्याचा आणि उभ्या अंगाचा, त्या दिवशीच्या कपड्यात. आणि पांढऱ्यावर ओळखू येईल असं काहीतरी अंगावर द्या. आपल्या दिंडीत आता अशा माऊलींच्या खांद्याला भगव्या उपरण्याऐवजी हिरवं उपरणं असतं. कुणाला कळत नाही, पण आपल्या माणसाला लांबून दिसतं.

चौथं, अंगावरचा नंबर. खिशात चिठ्ठी ठेवली तर आंघोळीला सदरा बदलला की चिठ्ठी गेली. गळ्यात कार्ड घातलं तर ते काढून टाकतात. वारकरी काय काढत नाही? तुळशीची माळ. सगळं विसरलेला माणूस माळेला हात लावू देत नाही. म्हणून भांड्यावर नावं घालणाऱ्याकडं जा. पितळेची किंवा स्टीलची बोटभर पट्टी घ्या, तिच्यावर दोन फोन नंबर कोरून घ्या आणि ती माळेत ओवा. दोन नंबरांतला एक घरी राहणाऱ्याचा पाहिजे. वारीत आपले मोबाईल चार्जिंगवाचून बंद पडलेले असतात, हे विसरू नका. तोच नंबर सदऱ्याच्या, बंडीच्या, लुगड्याच्या आतल्या काठाला दोऱ्यानं भरा. मुंबईत अशा माणसांच्या गळ्यात क्यूआर कोडचं लॉकेट घालायची सोय निघाली आहे, मोबाईल दाखवला की घरचे नंबर दिसतात. चांगली गोष्ट आहे. मिळालं तर तेही घाला. पण रानातल्या माणसाकडं साधा फोन असतो, त्याला कोरलेला आकडा वाचता येतो. आधार कार्डही काढून ठेवा. बोटांच्या ठशांवरून कित्येक वर्षांनी माणसं घरी पोचल्याची उदाहरणं नागपूरच्या आधार केंद्रात झालेली आहेत.

पाचवं, रात्र. दिवस मावळताना अशा माणसाचा जीव कासावीस होतो आणि पहाटे ते उठून चालायला लागतं. झोपण्याआधी लघवीला नेऊन आणा. बरेच जण तेवढ्यासाठीच उठतात आणि परत जागा सापडत नाही. दोघांच्या मध्ये झोपवा. राहुटीच्या पडद्याला घुंगरं बांधा. घरी दाराची कडी वर बसवा, नेहमीच्या जागी नको. आणि एक हात जोडून सांगतो, दोरीनं बांधू नका. मी बांधलेली माणसं बघितलीत. जनावर दावणीला बांधतो, बापाला नाही. बांधलेलं माणूस जास्त भितं आणि सुटलं की जास्त लांब जातं.

आणि तरीही हरवलं तर? मिनिटं मोजा. कुणी, कुठं, किती वाजता शेवटचं बघितलं ते आधी ठरवा. दोघं जण त्याच जागी थांबवा, ते हलणार नाहीत. बाकीच्यांना दिशा वाटून द्या. आधी जवळ बघा. ट्रकखाली, टँकरमागं, संडासात, शेजारच्या दिंडीत, उसात. पाण्याच्या जागा लगेच बघा, विहीर, शेततळं, कॅनॉल, नदी. दहा-पंधरा मिनिटांत सापडलं नाही की ११२ ला फोन लावा. तेव्हा १०० होता, आता ११२. चोवीस तास थांबावं लागतं असा कायदा नाही. पहिल्या तासाला सुद्धा कोणत्याही ठाण्यात हरवल्याची नोंद करता येते. कुणी थांबा म्हटलं तर माझी गोष्ट सांगा आणि नोंद घेतल्याशिवाय उठू नका. म्हाताऱ्या माणसांसाठी सरकारची १४५६७ ही फुकट लाईन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. टेम्पोवाले, एस.टी.वाले, पुढच्या मुक्कामाची मंडळी, सगळ्यांना फोटो पाठवा. माणूस पायीच गेलं असेल असं धरून चालू नका. पुकारा करताना हाकेचं नाव घ्या, रागानं ओरडू नका. रागाचा आवाज ऐकला की ते लपून बसतं.

प्रयागच्या मेळ्यात राजाराम तिवारी नावाच्या माणसानं १९४६ साली चुकल्या-हरवल्यांसाठी पुकारा सुरू केला आणि जन्मभर तेच काम केलं. देवाच्या गर्दीत माणूस हरवतं हे जुनंच आहे. शोधणारा पाहिजे.

उलट बाजूही ऐका. तुम्हाला असं माणूस दिसलं तर? अनवाणी आहे, सदरा उलटा आहे, भर उन्हात दोन कपडे अंगावर आहेत, तेच तेच विचारतंय, दिंडीच्या उलट चाललंय. प्रश्नांचा मारा करू नका. "तुमची आई कधीच वारली" असलं बोलू नका. पाणी द्या, सावलीला बसवा, माळेला पट्टी आहे का बघा, फोन करा. गाडीत घालून पुढच्या गावात सोडू नका. घरच्याच्या नाहीतर पोलिसाच्या हातात देईपर्यंत शेजारी बसा. त्या टेंभुर्णीच्या माऊलीनं पूर्ण रात्र असं केलं.

कुणीच शोधायला आलं नाही, अशांचं काय होतं तेही बघा. आपल्या नगरजवळ शिंगव्याला डॉ. राजेंद्र धामणे आणि डॉ. सुचेता धामणे या नवरा-बायकोनं माऊली सेवा प्रतिष्ठान काढलंय. रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या, भान हरपलेल्या बायकांना ते घरी आणतात, न्हाऊ-माखू घालतात. कर्जतला, आपल्या नगरच्या नव्हे, रायगडच्या, डॉ. भरत वाटवानी रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून हजारोंनी घरी पोचवतात. त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुसऱ्याची माणसं ते सांभाळतात. आपण निदान आपली तरी सांभाळू.

अण्णा सापडले तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो. "कुठं गेलता? जीव घेतला आमचा!" ते लहान पोरासारखे माझ्याकडं बघत राहिले. काय चुकलं हेच त्यांना माहीत नव्हतं. वहिनी दुसऱ्या गाडीनं आल्या. त्या काही बोलल्या नाहीत. गरम पाणी मागून घेतलं, अण्णांचे फुटलेले पाय धुतले, तेल लावलं. मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर अण्णा तीन वर्षं जगले. वहिनी त्या तीन वर्षांत सलग एक रात्र झोपल्या नसतील. म्हणून शेवटचं सांगतो, अशा माणसाला जी सांभाळते तिला मोकळीक द्या. आठवड्यातून एक दुपार शेजारणीनं बसायला जावं. भावकीनं पाळी लावावी. वीणा आपण एकमेकांच्या गळ्यातून घेतो ना? तशी ही पाळी घ्या.

आपल्या बैठकीत काही जण म्हणाले होते, असली माणसं दिंडीत घेऊच नका, जोखीम आहे. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. पण ज्यानं पंचवीस वर्षं वीणा वाहिली त्याला सांगायचं का, आता तू विसरतोस, घरी बस? तेव्हा ठरलं ते आजपर्यंत चालू आहे. असं माणूस येईल, पण जोडीदाराशिवाय नाही. दिवसाचा जोडीदार वेगळा, रात्रीचा वेगळा. ज्याचं रात्री कीर्तन आहे तो रात्रीचा जोडीदार नाही. हे शेवटचं कलम माझ्यामुळं घातलंय. दुसऱ्या वर्षी अण्णा वहिनींसंगं आले, माळेत पट्टी घालून. मागच्या तीन वाऱ्यांत चार-पाच माऊली अशा आल्या आणि सगळ्या घरी पोचल्या.

पुंडलिकाची गोष्ट तुम्हाला मी काय सांगणार. देव दारात आला तेव्हा तो म्हाताऱ्या आईबापाची सेवा करत होता. त्यानं देवाला विटेवर थांबायला सांगितलं, आईबापाला थांबायला सांगितलं नाही. तो देव अजून थांबलाय. दर्शनाला आपण एक दिवस उशिरा पोचलो तर तो रागावणार नाही.

आज घरी गेल्यावर तुमच्या म्हाताऱ्या माणसाच्या माळेला हात लावून बघा. नुसतीच माळ असेल तर उद्या बाजारात जाऊन पट्टी कोरून आणा. आणि दिंडीच्या वहीत, २०१४ सालच्या पानावर, तेवढी नोंद करून घ्या: विणेकरी वाटेत हरवले, दुसऱ्या दिवशी सापडले, चूक धाकट्या भावाची.